चौकटीतली आई

गल्लीत त्याला सगळे वेबवाला म्हणतात. पेपरवाला, दूधवाला, तसा वेबवाला. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. उलट नवीन माणसाला तो हीच ओळख सांगतो.

त्याची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद की वर जाणारा खालूनच ओरडतो, "कोणी उतरतंय का?" वर दोन टेबलं, भिंतीला टेकवलेला पांढरा फळा आणि एक खिडकी. खाली टायरमधली हवा सुटली की वर ऐकू येतं. फोनवरचे ग्राहक दचकतात. तो म्हणतो, "काही नाही, आमच्या मॅनेजरने सुस्कारा सोडला."

त्याने कॉलेज अर्धवट सोडलं. मग एका छापखान्यात व्हिजिटिंग कार्डं जुळवायला लागला. तिथल्याच जुन्या कॉम्प्युटरवर, मालक जेवायला गेले की, साइट बनवायला शिकला. पहिली साइट त्याने एका फर्निचरवाल्याला दाखवली. ग्राहकांचे अभिप्राय यायचे होते, म्हणून तिथे एक करडी चौकट रिकामी ठेवली होती. फर्निचरवाल्याने तिच्यावर बोट ठेवलं. "हे तुटलंय का?" समजावून उपयोग झाला नाही. काम दुसऱ्याकडे गेलं.

तेव्हापासून त्याने कोणाला रिकामी चौकट दाखवली नाही. खरा मजकूर येईपर्यंत तो घरची माणसं भरायचा. काका एका कुलूपवाल्याचे समाधानी ग्राहक होते. मावसबहीण तर सगळीकडेच नोकरीला असायची. एकदा तिचा फोन आला.

"दादा, सध्या मी कुठे आहे?"

"टायरच्या कंपनीत. लोकांना नोकरीवर घेतेस."

"मलाच घे ना मग. आणि तो फोटो बदल, त्यात मी झोपेतून उठल्यासारखी दिसते."

साइट सुरू व्हायच्या आधी घरच्यांना बाहेर काढायचं आणि खरी माणसं आणायची, हा त्याचा नियम होता. त्यासाठी तो ग्राहकांच्या ग्राहकांना स्वतः फोन करायचा, तास तास बोलायचा. मी पाहिलंय. साहित्यात एम.ए. करून मी घरी बसले होते, तेव्हा त्याने मला साइटचा मजकूर लिहायला घेतलं. नाव ठेवलं लेखिकाबाई. पहिल्याच दिवशी त्याने मला धडा दिला.

"दुकानदार म्हणतो, माझा माल चांगला. ते कोणी वाचत नाही. शेजारीण म्हणते, याचा माल चांगला. तिथे माणूस थांबतो. जाहिरात म्हणजे तेवढंच. बाकी सगळं रंगकाम."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

घरच्यांना बाहेर काढायचा तो नियम त्याने एकदाच मोडला.

डोळ्यांच्या व्यायामाचं एक केंद्र होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुमजली, काचेच्या दाराचं. त्याचे संचालक गोड बोलायचे. चष्म्याचा नंबर, डोळ्यांचा थकवा, अशा तक्रारींसाठी ते व्यायाम शिकवत. साइट त्यांना लगेच हवी होती. लोकांचे अभिप्राय "येतील, येतील" म्हणत होते. वेबवाल्याने सवयीप्रमाणे चौकट भरली. त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या काकूंचा, फोटो टाकला. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीसमोर काकू चष्मा हातात धरून हसतायत. खाली त्याने दोन ओळी लिहिल्या: ‘ऑपरेशन न करता माझी नजर परत आली. आता सुईत दोरा मी स्वतः ओवते.’

काकूंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या ओळी वाचून आम्ही दोघं हसलो होतो.

मी एक वेगळं पान लिहिलं होतं. इथे येण्याआधी कोणी डॉक्टरकडे जायला हवं, ते त्यात होतं. डोळ्यांत वीज चमकल्यासारखी दिसत असेल, काळे ठिपके तरंगत असतील, एका बाजूने सावली येत असेल, तर थांबू नका. डोळ्याच्या आतला पडदा सुटत असू शकतो; मान खाली घालून डोळ्यांना ताण दिला तर आणखी सुटेल. हे सगळं आम्ही एका डॉक्टरला विचारून घेतलं होतं. संचालकांनी ते पान काढायला लावलं. "घाबरवणारी पानं नकोत. माणूस आशेने येतो."

मग जाहिराती सुरू झाल्या. ज्या जाहिरातीत काकू होत्या, तिच्यावर लोक थांबत होते. संचालकांच्या ते लक्षात आलं.

"त्या बाईंना हलवू नका हं. लोक त्यांच्यामुळे फोन करतात."

"सर, ती माझी आई आहे. नुसती भरायला टाकलीय."

संचालक मनापासून हसले. "मग तर घरचंच माणूस! राहू द्या की. खरे आले की बदलू."

फोन ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. "आठवडाभर राहू दे. मग काढतो," म्हणाला. मग दुसरी कामं आली.

त्या सकाळी मी जिना चढून वर आले, तेव्हा तो एका शाळेची साइट जुळवत होता. काकूंचा फोन आला. त्याचे हात नेहमी कीबोर्डवर असतात, म्हणून घरचे फोन तो स्पीकरवर ठेवतो.

"अरे, कौतुक करायला फोन केलाय तुझं."

"लवकर कर. काम आहे."

"आपली टेलरमावशी रे. आज दुपारी तिचं डोळ्याचं ऑपरेशन होतं ना? रद्द केलं तिने. सकाळीच तुझ्या त्या केंद्रात गेली. व्यायामाने बरं होईल म्हणतात."

टेलरमावशी त्यांच्या घरासमोर राहते. खालच्या खोलीत मशीन, वरच्या खोलीत ती. गल्लीतल्या सगळ्यांचे पडदे, पँटी, शाळेचे गणवेश तिच्या हाताखालून जातात. तिच्यामागे कोणी नाही. तिचे डोळे आणि ते मशीन, एवढंच.

त्याचे हात थांबले. "तिला केंद्राचं कोणी सांगितलं?"

"तिनेच मोबाइलवर माझा फोटो दाखवला. काल मी तिच्याकडे बसले होते तेव्हा. म्हणाली, काय हो, तुमचं तर ऑपरेशन झालं होतं ना?"

"मग?"

"मी म्हटलं, उजव्याचं झालं. डावा या व्यायामाने सुधारला."

"आई!"

"ओरडतोस काय? ती म्हणाली, तुमच्या मुलानेच बनवलंय म्हणजे खरंच असणार. मग मी काय म्हणू? माझा पोरगा खोटं लिहितो म्हणू?"

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. वाजवतच होतं.

"आई, नीट आठवून सांग. तिच्या डोळ्याला काय झालंय?"

"मोतीबिंदूच असेल. दुसरं काय होतं या वयात?"

"ती काय म्हणाली?"

"वीज चमकल्यासारखं दिसतं म्हणाली. आणि एका बाजूने सावली येते म्हणे. पण सावली काय रे, माझ्या डोळ्यांसमोर पण..."

पुढचं आम्ही ऐकलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. ते पान आम्हा दोघांनाही पाठ होतं.

त्याने मावशीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. केंद्रात शिरताना फोन बंद ठेवावा, डोळ्यांना विश्रांती मिळते, ही सूचना साइटवर होती. त्यानेच ठळक अक्षरांत टाकली होती. मग त्याने केंद्राला फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा व्यस्त.

"फोटो काढ आधी," मी म्हटलं.

"फोटोने ती परत येणार नाही. लाइन का लागत नाही, माहितीये?" त्याने जाहिरातींचं पान उघडलं. "आपणच लोकांना फोन करायला लावतोय."

त्याने जाहिरात थांबवली. आम्ही वाट बघत बसलो. तो अंगठ्याने टेबलाची कड खरवडत होता. काही वेळाने लाइन लागली. रिसेप्शनवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सत्र चालू असताना आत जाता येत नाही. संपल्यावर निरोप देते."

"सत्रात काय करायला लावता?"

"पहिल्या सत्रात मान खाली घालून डोळे फिरवायचे असतात, सर. तुम्हीच तर व्हिडिओ टाकलाय."

तो जिना उतरला नाही, घसरला. मी मागून धावले.

टॅक्सी आधी त्याच्या घरी थांबली. काकू दारातच उभ्या होत्या. तो आपल्याला केंद्रात न्यायला आलाय, हे कळल्यावर त्यांनी दाराची कडी धरली.

"मी नाही येणार. चारचौघांत मला खोटी पाडणार तू."

"माझं ती ऐकणार नाही, आई."

"का नाही ऐकणार? तूच तर लिहिलंस."

"माझं वाचलं. तरी विचारायला तुझ्याकडेच आली ना? विश्वास तुझ्यावर ठेवलाय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडून काहीतरी त्यांना हवं होतं. मग त्यांनी कडी लावली आणि घरातल्याच चपलांवर टॅक्सीत येऊन बसल्या.

रस्त्यात संचालकांचा फोन आला.

"अहो, जाहिरात बंद पडलीय."

"मी थांबवली, सर. तुमच्याकडे सकाळी एक टेलरबाई आल्यात. त्यांच्या डोळ्याचा पडदा सुटतोय. त्यांना ताबडतोब बाहेर काढा. मान वर ठेवायला सांगा."

"कोण बाई? असं कसं कोणालाही बाहेर काढणार? त्या स्वतःच्या मर्जीने आल्यात." आवाज अजून गोडच होता. "आणि डॉक्टर कधीपासून झालात तुम्ही?"

"मग मी येतोय."

"जाहिरात चालू करा. पुढच्या दोन शाखांचं काम तुमच्याकडेच द्यायचं ठरलंय, हे विसरू नका."

त्याने फोन ठेवला. सिग्नल लाल होता. तिथेच, मांडीवर मोबाइल ठेवून, तो साइटच्या आत शिरला आणि आईचा फोटो काढून टाकला. दोन ओळीही काढल्या. उरली करडी रिकामी चौकट. इतक्या वर्षांत त्याच्या हातून अशी चौकट पहिल्यांदाच बाहेर गेली. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. सारख्या एकच वाक्य बोलत होत्या. "मला वाटलं मोतीबिंदूच आहे. मला वाटलं मोतीबिंदूच आहे." सिग्नल हिरवा व्हायला तयार नव्हता.

केंद्रात रिसेप्शनवरच्या बाई उठून आडव्या आल्या. त्यांचं लक्ष काकूंकडे गेलं आणि चेहरा एकदम बदलला.

"अय्या, तुम्ही! या ना, या."

त्या चेहऱ्यावर दार उघडलं.

आत मंद दिवे होते. हिरवे पडदे, गोलात मांडलेल्या खुर्च्या. माणसं गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. भिंतीवरच्या स्पीकरमधून सावकाश आवाज येत होता, उजवीकडे, वर, डावीकडे. खिडकीजवळच्या खुर्चीवर टेलरमावशी होती. तिचं डोकं सगळ्यांपेक्षा खाली होतं. ती कुठलंही काम मन लावून करते.

तो तिच्यापाशी जाऊन जमिनीवर बसला. "मावशी, हळूच मान वर करा. एकदम नको. हळू."

तिने वर बघितलं. "तू रे? इथे काय करतोस?"

"दवाखान्यात चला. टॅक्सी उभी आहे. तुम्हाला ज्यांनी ऑपरेशन सांगितलं, त्यांचं बरोबर होतं."

"आणि हे?"

"हे तुमच्या डोळ्यासाठी नाही. ते मी लिहिलेलं खोटं आहे."

मावशी हसली. पोर चेष्टा करतंय, असं हसली. "तुझी आई माझ्यासमोर बोललीय. माझ्या मशीनपाशी बसून. तू आता तिला खोटी ठरवतोस? मला भीती वाटते रे ऑपरेशनची. डोळ्यात सुया घालणार म्हणतात. इथे सगळे चांगले आहेत."

आता बाकीच्यांनीही डोकी वर केली होती. दारात काकू उभ्या होत्या. एका गृहस्थांनी त्यांना ओळखलं. मग शेजारच्या बाईंनी. कुजबुज फिरली. गृहस्थ उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे केली.

"बसा ना ताई. तुमच्यामुळेच आलो मी. किती दिवसांत फरक पडला हो?"

काकू बसल्या नाहीत.

"सांगा ना," मागून कोणीतरी म्हणालं. "सुईत दोरा ओवता ना तुम्ही?"

वेबवाला जमिनीवरच होता. आईकडे त्याने बघितलंही नाही. मला वाटलं, काकू वळतील आणि निघून जातील. त्यांचा एक पाय मागे सरकलाही होता.

"मी या खोलीत आज पहिल्यांदा आलेय," काकू म्हणाल्या.

स्पीकरमधला आवाज खाली, वर, खाली म्हणत होता.

"दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझं. व्यायाम मी कधी केला नाही. मला येतही नाही."

मावशी काकूंकडे बघत होती. चांगल्या डोळ्याने बघता यावं म्हणून तिने चेहरा थोडा वळवला होता.

"काल माझ्या तोंडावर बोललात तुम्ही."

"हो."

"मी दोनदा विचारलं."

"हो. दोनदा विचारलंत." काकू पुढे आल्या. "पोराची लाज राखायला गेले. उठा आता. माझ्याशी बोलू नका, पण उठा."

मावशीने पायाने खुर्चीखाली चाचपलं. "माझी चप्पल कुठे गेली?"

चप्पल वेबवाल्याने शोधून तिच्या पायांत घातली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ते गृहस्थ आणि आणखी एक जण आमच्या मागून आले. बाकीचे आपापल्या खुर्च्यांवर बसून राहिले. काचेच्या दारापाशी संचालक उभे होते. त्यांनी वेबवाल्याला अडवलं नाही. फक्त म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं ढिगाने मिळतात."

"म्हणूनच भीती वाटते, सर," तो म्हणाला.

दवाखान्यात तिची वेळ दुसऱ्याला दिलेली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या. तपासल्यावर त्यांचं रागावणं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं. चालू ऑपरेशन संपल्याबरोबर त्यांनी मावशीला आत घेतलं. आम्ही तिघं बाकावर. काकू एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मधे मी. पाण्याचं भांडं माझ्या हातातून इकडून तिकडे जात होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पडदा बसवलाय म्हणाल्या. नजर राहील, पण पहिल्यासारखी नाही. सरळ रेघ थोडी वाकडी दिसेल.

"सकाळी ती त्या केंद्रात गेलीच नसती तर?" त्याने विचारलं.

त्यांनी हातातले कागद नीट केले. "ते मी सांगू शकणार नाही. तुम्हीही विचारत बसू नका."

पण तो विचारत बसतो. माझ्यासमोर नाही. कधी कधी काम करताना त्याची बोटं थांबतात आणि खालची सायकलची घंटी ऐकू यायला लागते.

केंद्राचं काम गेलं. त्यांनी दुसरा वेबवाला आणला. त्याच्याकडे जुन्या साइटची प्रत असणारच. त्यामुळे आमचा वेबवाला रोज सकाळी आल्या आल्या आईचा फोटो कुठे पुन्हा उगवलाय का, ते शोधतो. दोनदा उगवला. दोनदा भांडून काढायला लावला. मी लिहिलेलं ते पान मात्र त्याने सांभाळून ठेवलंय. आरोग्याचं कुठलंही काम आलं की आधी ते ग्राहकासमोर ठेवतो. बरेच जण उठून जातात.

परवा एक बेकरीवाला आला होता. स्क्रीनवरच्या करड्या चौकटीवर त्याने बोट ठेवलं. "हे तुटलंय का?"

"नाही. तिथे तुमचं गिऱ्हाईक येईल. खरं."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत रिकामी."

बेकरीवाला काम देईल की नाही, अजून कळलेलं नाही.

टेलरमावशीचं मशीन पुन्हा सुरू झालंय. कापड धरताना ती मान तिरकी करते. शिवण कुठे वाकडी जातेय, हे आता डोळ्यांपेक्षा बोटांनी बघते. जमत नाही ते काम परत पाठवते. पूर्वी तिने कधी काही परत पाठवलं नव्हतं.

काकू रोज सकाळी समोर जातात. पहिल्या दिवशी मावशीने दार अर्धंच उघडलं होतं, असं वेबवाला म्हणाला. मी गेले तेव्हा दार पूर्ण उघडं होतं. मी एक कुडता आखूड करायला नेला होता. काकू खिडकीजवळ स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर सुयांचा डबा आणि रिळं. एकेक सुई उजेडात धरून त्या दोरा ओवत होत्या आणि मशीनशेजारच्या उशीत टोचून ठेवत होत्या. दिवसभराच्या सुया.

"निळा," मावशी म्हणाली. वर न बघता.

काकूंनी निळा ओवला. दोरा पहिल्यांदा चुकला. त्यांनी टोक ओलं केलं, पुन्हा धरला.

"झाला?"

"झाला."

मावशीने हात पुढे केला. काकूंनी सुई तिच्या बोटांत नीट दिली, टोक स्वतःकडे ठेवून.

तेवढंच बोलणं. मी कुडता टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.